टाचण्या

गळा मागून किती खोल ठेवू, विचारलं
की बायका उत्तर भिंतीला देतात.
मला वाटायचं, लाजतात.
मुंढ्याचं माप घेताना तर श्वासच धरतात,
आणि श्वास धरला की माप चुकतं, अर्धा इंच.
दोन वर्षं तो अर्धा इंच
मी शिलाईत सोडत आले.

घोलपबाई काउंटरवर बडीशेप ठेवून गेल्या, सहज.
पुढल्या खेपेला लवंगा.
मी म्हटलं, किती माया लावतात माणसं.

घरी तर प्रश्नच नव्हता.
ह्यांचं नाक चेंबूरच्या कारखान्यात गेलं,
रंगाच्या टाक्यांपाशी, हळूहळू.
दूध करपलं तर ह्यांना ते दिसावं लागतं.
रात्री एका उशीवर आम्ही भिशीचा हिशेब करायचो,
तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळून,
हे एकदाही वळले नाहीत.
त्याला मी काय समजत होते, ते जाऊ दे.

मग परकर-पोलक्यासाठी आणलेली मिहिका, वय सहा,
म्हणाली, मावशी, तुझ्या तोंडात काहीतरी मेलंय.
आई तिला दटावत राहिली,
इतका वेळ, की खरं आहे ते मला कळलं.

शटर अर्धं ओढून तळहातावर फुंकून पाहिलं.
काहीच नाही.
आपल्या श्वासाला आपलं नाक केव्हाच सरावलेलं.

दातांच्या इस्पितळात शिकाऊ पोरगी, लातूरकडची,
म्हणाली, काकू, मनगट चाटा. वाळू द्या. आता हुंगा.
मांजरासारखं चाटलं.
हुंगलं,
आणि पिशवीत आठवडाभर विसरलेलं निर्माल्य.

जिभेवर मागे साय धरलीय, ती म्हणाली,
रोज खरवडायची.
कांदा-लसणाचा येतो नि जातो, हा मुक्कामाचा आहे.
दाढांच्या फटीत अडकतं, ते दोऱ्यानं काढा.
दोऱ्यानं! मला सांगते.
तीस वर्षं दातांनी दोरा तोडते आहे,
एकदाही आत घातला नाही.

मिश्री? नाही. उपास? सोमवार, चतुर्थी.
गोळी? रक्तदाबाची.
तीही तोंड सुकवते म्हणे थोडं.
आणि पाणी किती पिता?

जिन्याखालचं दुकान, सहा बाय सात.
दहाला शटर वर, नऊला खाली.
संडास मार्केटच्या मागे, कडी तुटलेली,
दाराशी दिवसभर पत्ते कुटणारे.
म्हणून अकराला अर्धा चहा. चारला अर्धा.
मधल्या वेळात ओठांत टाचण्या,
श्वास तोंडाने, आत बाहेर, आत बाहेर,
जीभ फडक्यासारखी वाळत घातलेली.

मी म्हटलं, कमी पिते.
तिने कागदावर लिहिलं, भरपूर पाणी.
खाली दोन रेघा.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या नफीसाला सांगितलं.
ती हसली, मग तोंडावर ओढणी धरली.
मी पण नाही पीत, दीदी.
फॉल-बिडिंगवाली रेवती नाही पीत.
झेरॉक्सवाली नाही पीत.
मोजत गेलो, गल्लीत आम्ही नऊ जणी निघालो,
नऊ जणी दिवसभर तोंड मिटून.

कडी सत्तर रुपयांना आली, स्क्रू वेगळे.
नफीसाने चष्म्याचा पेचकस आणला, तो पुरेना,
मी कात्रीच्या टोकाने आवळले.
पत्तेवाले बघत राहिले.
एकाने विचारलं, काय चाललंय?
टाचण्या तोंडात होत्या, उत्तर दिलं नाही.

आता बाटली मशीनच्या पायाशी असते.
टाचण्या उशीला टोचते, आठवलं तर.
घोलपबाई परवा भिंतीशी बोलल्या नाहीत.
पण बडीशेप ठेवलीच, सवयीने.

ह्यांना सगळं सांगितलं रात्री.
बराच वेळ गप्प.
मग उशीवर सरकून म्हणाले,
निर्माल्यासारखा म्हणालीस ना?
झेंडूचं, की शेवंतीचं?